दुसऱ्याच्या मुलाची संध्याकाळ



"ताई, एकदा आमच्या मुलाला नीट समजावून सांगा ना!" शाळांमधून समुपदेशनाचं काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते. सांगणाऱ्या आईच्या पर्समध्ये बहुतेक वेळा मुलाच्या दप्तरातून निघालेली एखादी वस्तू असते. कधी माव्याची पुडी, कधी सिगारेटचं थोटूक, अलीकडे पेनासारखी दिसणारी ई-सिगारेट. वडील सोबत आले असतील तर बाकाच्या टोकाला गप्प बसून असतात. दोघंही घाबरलेले असतात आणि दोघांनाही वाटत असतं, की कुणीतरी बरोब्बर शब्दांत सांगितलं तर पोरगं मार्गावर येईल.

मी त्या मुलाशी बोलतेच. पण आज मला तुम्हा पालकांशी बोलायचंय. त्यातही, ज्यांच्या मुलाच्या दप्तरात अजून काही सापडलेलं नाही अशा पालकांशी जास्त. व्यसन आणि त्याच्या पाठोपाठ येणारी गुन्हेगारी नुसत्या उपदेशानं थांबत नाही. जगानं ते बराच पैसा आणि बरीच वर्षं घालवून पाहिलं आहे.

अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, अमली पदार्थांची माहिती द्यायचा, 'नाही' कसं म्हणायचं ते शिकवायचा. पालकांना तो आवडला, शाळांनाही आवडला, बघता बघता देशभर पसरला. पुढे संशोधकांनी तो कार्यक्रम झालेली आणि न झालेली मुलं यांची तुलना केली, तेव्हा काही वर्षांनंतर दोन्हींच्या व्यसनांत म्हणण्यासारखा फरक उरत नव्हता. त्याच देशात बिघडू लागलेल्या पोरांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम द्यायचीही एक पद्धत निघाली. कैदी अंगावर धावून यायचे, इथे आलात तर काय हाल होतील ते ओरडून सांगायचे. पोरं रडायची. 1978 साली त्यावर निघालेला माहितीपट खूप गाजला. नंतर रीतसर तुलना झाली, तेव्हा असा दम खाऊन आलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. म्हणजे काही न करणं त्यापेक्षा बरं होतं.

आपल्याकडे दरवर्षी 26 जूनला, मग 2 ऑक्टोबरपासूनच्या व्यसनमुक्ती सप्ताहात शाळाशाळांतून प्रभातफेरी निघते, कवटीची चित्रं रंगवली जातात, हात पुढे करून शपथ घेतली जाते. मुलांना माहिती द्यायलाच हवी, त्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण चौदा-पंधराव्या वर्षी मेंदूतला मजेचा, थराराचा भाग जोरात असतो आणि 'थांब, विचार कर' म्हणणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. अशा वयात चाळिसाव्या वर्षी होणाऱ्या कॅन्सरचं चित्र लांबचं वाटतं. शेजारी उभा असलेला, 'घे रे, एकदा' म्हणणारा मित्र मात्र जवळचा असतो.

मग करायचं काय? सार्वजनिक आरोग्याचं काम करणारी माणसं हा प्रश्न वेगळ्या जागी उभं राहून बघतात. गावात कॉलऱ्याची साथ आली तर आपण घरात पाणी उकळून पितो, ते योग्यच. पण साथ थांबते ती विहीर आणि नळ शुद्ध झाल्यावर. 1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि त्या पंपाचा दांडा काढला गेला, ती गोष्ट शाळेत अनेकांनी ऐकली असेल. व्यसनाच्या बाबतीत आपण सगळे आपापल्या घरी पाणी उकळत बसलो आहोत. विहिरीकडे बघायला कुणाला सवड नाही.

तो दांडा कसा काढायचा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आइसलँडचं आहे. उत्तरेकडचा हा बर्फाळ देश. नव्वदच्या दशकात तिथली वस्ती जेमतेम पावणेतीन लाख, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. तेव्हा शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या मुख्य रस्त्यांवर शाळकरी पोरं झिंगून फिरत असायची. युरोपात सर्वाधिक पिणाऱ्या किशोरांमध्ये त्यांची गणना होत होती. 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं, तर 42 टक्क्यांनी सांगितलं की गेल्या महिन्याभरात आम्ही दारू पिऊन तर्र झालो होतो. रोज सिगारेट ओढणारी 23 टक्के होती. 2016 मध्ये हेच प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं होती 5 टक्के आणि 3 टक्के. गांजा ओढून पाहिलेल्यांचं प्रमाण 17 वरून 7 टक्क्यांवर आलं होतं.

त्यांनी सुरुवात केली ती मुलांना विचारण्यापासून. देशभरातल्या शाळांमध्ये, नाव न लिहिता, मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली. पितोस का, एवढंच त्यात नव्हतं. आईबाबांबरोबर किती वेळ असतोस, तू रात्री कुठे आहेस हे त्यांना माहीत असतं का, शाळेनंतर काय करतोस, शाळेत कुणाला तुझी काळजी आहे असं वाटतं का, हेही होतं. इंगा डोरा सिगफुसडोत्तिर या समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरांचा अभ्यास केला. न पिणाऱ्या मुलांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. ती मुलं आठवड्यातून तीन-चार वेळा कुठल्या तरी खेळाला, वाद्याला, नाचाला जात होती आणि तिथे शिकवणारं मोठं माणूस होतं. आठवड्याभरात आईबाबांबरोबर त्यांचा बराच वेळ जात होता. शाळेत आपलं कुणी आहे असं त्यांना वाटत होतं. आणि ती रात्री उशिरा बाहेर नसायची.

मग देशानं त्या चार गोष्टींवर काम केलं. अठराच्या आत तंबाखू नाही, विसाच्या आत दारू नाही, दोन्हींच्या जाहिराती बंद. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही. (तिथे उन्हाळ्यात मध्यरात्रीही उजेड असतो, म्हणून हा फरक.) खेळ आणि संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा मिळाला. रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम छंदवर्गांसाठी देण्यात येऊ लागली, म्हणजे गरिबाचं पोरही पोहायला, तबल्याच्या जागी तिथे जे वाजवतात ते वाजवायला जाऊ शकेल.

मला मात्र सगळ्यात भावतो तो पालकांचा भाग. तिथे प्रत्येक शाळेत पालकांची संघटना असणं कायद्यानं बंधनकारक केलं गेलं. या पालकांनी एकत्र बसून आपापसांत करार केले. आमच्या घरी मोठं माणूस नसताना मुलांची पार्टी होऊ देणार नाही. अल्पवयीन मुलासाठी दारू विकत आणून देणार नाही. दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवू. आठवडाअखेरच्या रात्री पालकांचे गट वस्तीतून फेरफटका मारू लागले. ते कुणाला पकडायला जात नसत. रस्त्यावर आपल्या ओळखीची मोठी माणसं आहेत, एवढं पोरांना दिसावं म्हणून चालत असत.

यात एक मोठी अडचण सुटली, ती आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे. "सगळ्यांना परवानगी आहे, मलाच नाही!" हे वाक्य कोणत्या आईनं ऐकलेलं नाही? नियम एकट्या घराचा असला की मूल भांडतं, लपवतं आणि शेवटी जिंकतं. तोच नियम वर्गातल्या तीस घरांचा झाला की भांडायला कारणच उरत नाही. 1997 ते 2012 या काळात, आठवड्याच्या दिवसांत आईबाबांबरोबर नेहमी किंवा बऱ्याचदा वेळ घालवतो असं म्हणणाऱ्या तिथल्या किशोरांचं प्रमाण 23 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेलं. मुलांचा हा वेळ कुणी सक्तीनं घेतलेला नव्हता.

त्या काळात इतर काही देशांतही किशोरवयीन मुलांचं पिणं कमी झालं, आणि आइसलँड लहान आहे, सुखवस्तू आहे. तिथलं सगळं जसंच्या तसं इथे चालेल असं मी म्हणणार नाही. पण पालकांनी एकमेकांचे फोन नंबर घेण्यासाठी देश श्रीमंत असावा लागत नाही.

आता आपल्या मुलांची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. शाळा किंवा क्लास सुटतो, आई-वडील कामावरून यायला आठ-साडेआठ होतात. मधले दोन-तीन तास पोरगं कुठे असतं? पूर्वी वाड्यात, चाळीत, गल्लीत कुणाची तरी आजी ओट्यावर बसलेली असायची आणि "कुठं चाललास रे?" असं हटकून विचारायची. कोल्हापुरात अजून तालमी आहेत. त्यांचे फुटबॉल संघ आहेत, त्यांच्या सामन्यांना अख्खं गाव लोटतं. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला आणि 'स्लम सॉकर' उभं राहिलं. आइसलँडच्या प्रश्नावलीतून जे निघालं ते या माणसांना अनुभवानं ठाऊक होतं. पण बहुतेक शहरांत आज संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं आणि समोरची पानटपरी रात्री अकरापर्यंत उघडी असते. मला विचाराल तर पोस्टर स्पर्धेचा सगळा खर्च त्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या एका क्रीडाशिक्षकाच्या मानधनावर करावा.

उशिरा घरी येणाऱ्या कुठल्याही आईला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. धुणीभांडी करणारी, कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी आई पाच वाजता घरी कशी असेल? म्हणूनच तर इतरांची गरज आहे. त्या वेळात घरी असलेल्या शेजारच्या काकूंनी तिच्या मुलाला "चहा घेतोस का?" एवढं विचारलं, तरी त्या पोराच्या संध्याकाळीत एक मोठं माणूस आलं.

टपरीचा विषय निघालाच आहे तर कायदा सांगते. तंबाखू नियंत्रणाच्या 2003 च्या कायद्यानुसार शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 90 मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि अठराखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाहीत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, देशभरात 2019 पासून ई-सिगारेटवर. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली मुलाच्या हातात दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलांकरवी असा माल पोचवणाऱ्यांसाठी पुढचंच कलम आहे. एकट्या आईनं टपरीवाल्याविरुद्ध अर्ज केला तर तिला त्या रस्त्यानं जाणं अवघड होतं. चाळीस पालकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत गेला, तर त्याची पोच मिळते, टपरी हलते. त्या टपरीवाल्यालाही पोरंबाळं असतात, हेही विसरू नका. अर्जाआधी चार जणांनी जाऊन त्याच्याशी नीट बोला. शालेय वस्तू, चहा, बिस्किटं विकून तिथेच राहायला तयार झालेले टपरीवाले मी पाहिले आहेत.

अंगणातून घरात येऊ. इथे मला जरा स्पष्ट बोलावं लागेल, विशेषतः बाबांशी. 2018 मध्ये एम्सच्या राष्ट्रीय व्यसन-उपचार केंद्रानं देशभर पाहणी केली. 10 ते 75 या वयोगटात 14.6 टक्के लोक, म्हणजे सुमारे 16 कोटी, दारू घेतात असं त्यात आढळलं. पुरुषांत हे प्रमाण 27.3 टक्के, स्त्रियांत 1.6. ही फार मोठी संख्या आहे. मुलं दारूची पहिली बाटली बहुधा रस्त्यावर पाहत नाहीत. शनिवारी मित्र जमतात, 'बर्फ आण रे, चकली आण रे' म्हणून मुलाला हाक मारली जाते, तो ग्लास भरताना बघतो, हसणं-खिदळणं ऐकतो. कुणी काका गमतीनं त्याला घोटभर चाखवतो. गावाकडे आजीची मिश्री पोरांच्या बोटाला लागते, विदर्भात खर्रा आणायला घरातलंच पोर पाठवलं जातं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराव्या वर्षाआधी दारू प्यायला लागलेल्यांना पुढे तिचं व्यसन जडण्याचं प्रमाण एकविशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांच्या चौपट आढळलं होतं. 'थोडीशी चव' फार महाग पडते. बाबा, तुम्ही घेत असाल तर सोडायचा विचार करा असं मी म्हणेनच, पण उद्यापासून निदान एवढं कराच: ते सामान आणायला मुलाला पाठवू नका, आणि त्याच्यासमोर बैठक मांडू नका.

ज्या घरात दारूपायी मारहाण होते त्या घरातलं मूल तर आधीच जखमी असतं. फेलिटी आणि आंडा या दोन डॉक्टरांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या हजारो प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारझोड, अपमान, घरातलं व्यसन, आईवर होणारे अत्याचार, घरातलं कुणी तुरुंगात, अशा अनुभवांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन कित्येक पटींनी जास्त होतं. वर्गातलं 'वाया गेलेलं' मूल म्हणून आपण ज्याच्यापासून स्वतःच्या मुलाला दूर ठेवतो, ते पुष्कळदा अशा घरातून आलेलं असतं. दूर ठेवण्यानं ते आणखी एकटं पडतं, आणि एकट्या मुलाला जवळ करणारी माणसं रस्त्यावर असतातच.

आणि एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. त्याच 2018 च्या पाहणीत असा एकच नशेचा प्रकार निघाला ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: हुंगण्याचे पदार्थ. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन, पेट्रोल. मुलांमध्ये 1.17 टक्के, मोठ्यांमध्ये 0.58. हे पदार्थ दुकानात सहज मिळतात, स्वस्त असतात, त्यांचा 'नशेचा पदार्थ' म्हणून आपल्याला संशय येत नाही. रुमालावर घेऊन हुंगताना हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. रुमालाला, बाहीला रसायनाचा वास, तोंडाभोवती पुरळ, रिकाम्या छोट्या बाटल्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नका.

गुन्हेगारीबद्दल पालक सहसा बोलत नाहीत. ते 'दुसऱ्यांच्या' मुलांचं असतं असं वाटतं. पण गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या 'कोयता गँग'च्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हातात कोयता घेऊन रील बनवणारी, गाड्या फोडणारी ही पोरं पुष्कळदा सोळा-सतरा वर्षांची असतात. त्यांची धिंड काढा, त्यांना जन्माची अद्दल घडवा, असं आपण म्हणतो. स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहरही हेच म्हणत होतं. तिथे पोरांच्या टोळ्या सुरे घेऊन फिरायच्या आणि शहराला युरोपची खुनांची राजधानी म्हणायचे. 2005 साली तिथल्याच पोलीस दलातल्या कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन यांनी हिंसाचार कमी करण्यासाठी एक वेगळा विभाग काढला आणि जाहीर सांगितलं, की नुसत्या अटका करून हे थांबणार नाही; याच्याकडे साथीच्या रोगासारखं पाहावं लागेल. साथीत आधी कुणाला लागण झालीय, ती कुणाकडून कुणाकडे जातेय, कुणाला जपायला हवं, हे बघतात. तसंच त्यांनी केलं.

2008 मध्ये टोळ्यांतल्या तरुणांना न्यायालयात बोलावलं गेलं, शिक्षेसाठी नव्हे. पोलिसांनी त्यांना बजावलं, की हिंसा थांबली नाही तर तुमच्या अख्ख्या टोळीच्या मागे लागू. डॉक्टरांनी सुऱ्याच्या जखमांविषयी सांगितलं. मग एक आई उभी राहिली आणि तिच्या मुलावर टोळीनं केलेल्या हल्ल्याबद्दल बोलली. ज्यांना पोलिसांची भीती वाटत नव्हती त्यांच्यापर्यंत त्या आईचे शब्द पोचले. आणि निघताना त्यांना एक फोन नंबर दिला गेला: यातून बाहेर पडायचं असेल तर शिक्षण, काम, व्यसनावर उपचार, सगळ्याला मदत करू. 2005 नंतरच्या दहाएक वर्षांत स्कॉटलंडमधली खुनांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. कडक इशारा तिथेही होता. पण त्याच्या सोबत बाहेर पडायची वाट ठेवलेली होती. नुसता दम खाऊन आलेल्या अमेरिकन पोरांना ती मिळाली नव्हती.

आपल्या मातीत हे नवीन नाही. गडचिरोलीत 1988 पासून गावोगावच्या बायका-पुरुषांनी दारूविरुद्ध आंदोलन उभं केलं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्यात होते, आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीचा कागद पुरत नाही हे तिथल्या लोकांनीच ओळखलं. 2016 पासून 'मुक्तिपथ'मधून गावातल्या संघटना, शाळा, उपचार आणि अंमलबजावणी असं सगळं एकत्र बांधायचं काम चालू आहे. दारू आणि तंबाखू दोन्हींवर. गावानं ठरवलं की गावात विक्री थांबते, आणि मग त्या गावातल्या एकेका आईला एकेकटीनं लढावं लागत नाही.

तुमच्या मुलानं नशा करायला आधीच सुरुवात केली असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. ज्या दिवशी कळतं त्या दिवशी मारू नका, आणि नशेत असताना जाब विचारू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसा. "कुणी शिकवलं?" ऐवजी "कधीपासून? घेतल्यावर कसं वाटतं? न घेतल्यावर काय होतं?" असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कळतं, की हा चुकून केलेला प्रयोग आहे की शरीर अडकलं आहे. अडकलं असेल तर डॉक्टर हवा. घरात कोंडून ठेवणं, बाबा-बुवा, गुपचूप जेवणात औषध कालवणं, यात मौल्यवान महिने जातात. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर टेलि-मानसचा 14416. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका: स्वतः वापरण्यापुरता अमली पदार्थ बाळगलेला आणि स्वेच्छेनं मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणारा व्यसनी असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम 64-अ अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे.

पुण्यात ब्राऊन शुगरनं, पोरं म्हणतात त्या 'गर्द'नं, थैमान घातलं होतं तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे पहिल्यापासून घरच्यांनाही उपचारात धरलं जातं; व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. मूल बरं होऊन घरी येतं तेव्हा घरानंही काही बदललेलं असावं लागतं. एखादवेळी ते पुन्हा घसरेल. घसरलं म्हणजे उपचार वाया गेले असं नसतं. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण पेशंटला घराबाहेर काढत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात अवघड वाटणारं. समजा, तुमचं मूल ठीक आहे, पण त्याच्या मित्राच्या हातात तुम्ही काहीतरी पाहिलं. आपल्या पोराला "त्याच्याबरोबर दिसलास तर बघ" असं सांगून आपण मोकळे होतो. तसं करू नका. त्या मुलाच्या आईला फोन करा. वर्गाच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका, फोनच करा, आणि ती घरी पोचल्यावर, निवांत असताना करा. ती चिडेल, "तुमचाच मुलगा बिघडवतो" असंही म्हणेल, ऐकून घ्या. असं काहीतरी बोला: "ताई, मी अमुकची आई. तुमचा मुलगा आमच्या घरी नेहमी येतो, आम्हाला तो आवडतो. परवा त्याच्याकडे मला हे दिसलं. माझ्या मुलाकडे दिसलं असतं तर मला कुणी सांगावं असं वाटलं असतं, म्हणून सांगतेय. मी कुणालाही बोललेले नाही. एका चांगल्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे आहे. हवं तर मीही तुमच्याबरोबर येते. आणि शाळा सुटल्यावर तुम्ही येईपर्यंत तो आमच्याकडे थांबला तरी चालेल."